अवकाशाच्या मोहिमा आणि राजधानीची जमीन

१८ सप्टेंबर २०२४ रोजी नवी दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच बैठकीत अवकाशाच्या चार योजनांवर शिक्कामोर्तब केले. चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी ६ लक्ष रुपये, शुक्राकडे जाणाऱ्या यानासाठी १,२३६ कोटी, भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून विस्तारलेल्या गगनयान कार्यक्रमासाठी एकूण २०,१९३ कोटी आणि नव्या पिढीच्या अग्निबाणासाठी ८,२४० कोटी अशी ही मंजुरी होती. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोटा येथील तिसऱ्या प्रक्षेपण तळास ३,९८४ कोटी ८६ लक्ष रुपये देण्याचे ठरले आणि मार्चमध्ये जपानच्या सहकार्याने व्हावयाच्या चांद्रयान-५ मोहिमेस संमती मिळाली. २०२८ मध्ये स्थानकाचा पहिला भाग, २०३५ मध्ये पुरे स्थानक, २०४० मध्ये चंद्रावर भारतीय पाऊल, असा हा कालक्रम आहे. सरकारी प्रचारयंत्रणेने या तारखांचे नगारे इतक्या जोराने बडवले आहेत की, त्या आवाजात मूळ कामाची थोरवीही ऐकू येत नाही आणि त्या कामाभोवतीचे प्रश्नही ऐकू येत नाहीत.

थोरवी आधी सांगितली पाहिजे. चांद्रयान-४ चे काम चंद्राच्या पृष्ठभागावरील माती व खडक पृथ्वीवर आणण्याचे आहे. यानाचे एकंदर वजन देशाच्या सर्वांत बलवान अशा एलव्हीएम-३ या अग्निबाणालाही एका खेपेत पेलणारे नाही. म्हणून त्याचे पाच भाग दोन वेगवेगळ्या अग्निबाणांतून वर धाडायचे, पृथ्वीभोवती फिरत असतानाच ते एकमेकांस जोडायचे, चंद्रावर उतरायचे, माती घेऊन पुन्हा उड्डाण करायचे, चंद्राच्या कक्षेत पुन्हा एकदा जोडणी करायची आणि मग परतीची वाट धरायची, असा हा बेत आहे. ताशी हजारो किलोमीटर वेगाने धावणाऱ्या दोन यानांची गाठ घालणे ही या साऱ्याची किल्ली होय. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या दोन छोट्या उपग्रहांनी १६ जानेवारी २०२५ रोजी ती गाठ घालून दाखविली. अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत हा चौथा देश ठरला. माणूस न पाठविता चंद्रावरील माती प्रथम आणली ती सोव्हिएत युनियनच्या लुना-१६ या यानाने, सप्टेंबर १९७० मध्ये. ती होती अवघी शंभर ग्रॅमच्या आसपास. त्या शंभर ग्रॅमच्या मागे एका समाजाची केवढी पूर्वतयारी उभी होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना चांद्रयान-४ ची कठीणता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शुक्र मोहिमेस मार्च २०२८ चा मुहूर्त धरला आहे, आणि हा मुहूर्त ज्योतिषाचा नाही. पृथ्वी आणि शुक्र यांची सोयीची स्थिती सुमारे एकोणीस महिन्यांनी एकदाच येते आणि ती हुकली की सर्वांना थांबावे लागते. नव्या अग्निबाणाने पृथ्वीलगतच्या कक्षेत तीस टन वजन न्यावे आणि त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता यावा, अशी अपेक्षा आहे. गगनयानाचे वचन मात्र २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून २०२२ साठी दिले गेले होते. पुढे तीच तारीख सरकत २०२७ पर्यंत आली. याचा दोष शास्त्रज्ञांना देण्याचे कारण नाही. माणसाला वर नेणारे यान तारखेच्या हुकमाने तयार होत नसते, आणि लाल किल्ल्याच्या तटावरून अभियांत्रिकीची तारीख जाहीर करणे ही मुळातच वाईट सवय आहे.

गरीब देशाला अग्निबाण कशाला हवेत, असा एक सोपा आक्षेप कधी कधी पुरोगामी मंडळींकडूनही घेतला जातो. तो टिकत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अवकाश खात्याची तरतूद १३,४१६ कोटी रुपये होती. पन्नास लक्ष कोटींहून मोठ्या अंदाजपत्रकात हा वाटा शंभर रुपयांमागे सव्वीस-सत्तावीस पैसे इतका पडतो. शाळा व दवाखाने उपाशी राहतात ते या सव्वीस पैशांमुळे नव्हे. विज्ञान ही श्रीमंत राष्ट्रांची चैन आहे आणि मागासलेल्या देशांनी ते विकत घ्यावे, हा विचार साम्राज्यवाद्यांना नेहमीच मानवणारा होता. प्रश्न हे काम कोणासाठी, कोणाच्या मालकीने आणि कोणाच्या देखरेखीखाली चालावे, हा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर भारताने पन्नास वर्षांपूर्वी देऊ केले होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. कार्यक्रम अहमदाबाद व दिल्ली येथील भूकेंद्रांतून उपग्रहाकडे जात आणि तेथून थेट गावच्या सार्वजनिक संचावर उतरत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळेतील मुलांचे धडे, शिक्षकांचे प्रशिक्षण असे त्यांचे विषय होते. ते वर्ष आणीबाणीचे होते, तेव्हा दिल्लीहून येणाऱ्या मजकुराबद्दल कोणी भाबडे राहू नये. तरीही एक गोष्ट खरी की, शहरातल्या घराआधी वीज जेमतेम आलेल्या खेड्यापर्यंत नवे तंत्र न्यावे, हा विक्रम साराभाईंचा आग्रह त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी प्रत्यक्षात आला. वर्ष संपताच अमेरिकेने उपग्रह परत नेला. पुढे देशाचे स्वतःचे उपग्रह वर गेले, १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्रे आली आणि गावच्या चावडीवरील संचाची जागा हळूहळू दिवाणखान्यातील जाहिरातींनी घेतली.

त्या काळी मदतीचा हात कोठून आला, हेही आज विसरविले जात आहे. १९ एप्रिल १९७५ रोजी आर्यभट उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने कापुस्तिन यार येथून नेला. भास्कर या मालिकेतील दोन्ही उपग्रहही तेथूनच गेले. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा हे सोयूझ टी-११ मधून माल्यशेव आणि स्त्रेकालोव्ह या सहकाऱ्यांसह सॅल्यूत-७ स्थानकावर गेले आणि दिल्लीत बसलेल्या पंतप्रधानांशी झालेले त्यांचे संभाषण सबंध देशाने पाहिले. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर काय झाले ते तितकेच बोलके आहे. अतिशीत इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचे तंत्र भारतास देण्याचा करार १९९१ मध्ये झाला होता. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले, १९९३ मध्ये येल्त्सिन सरकारने माघार घेतली आणि तंत्राऐवजी तयार इंजिने तेवढी पाठविली. स्वदेशी अतिशीत इंजिन लावलेला अग्निबाण यशस्वी व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडले. दोन दशकांचा हा विलंब ज्या राष्ट्राने लादला त्याच राष्ट्राच्या राजधानीत जून २०२३ मध्ये भारताने चंद्रासंबंधीच्या आर्टेमिस करारावर सही केली, तेव्हा दिल्लीतील सत्ताधाऱ्यांना हा इतिहास आठवला नसावा.

आता मालकीकडे. २०२० पासून अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांस खुले करण्याचे पर्व सुरू झाले. २०२३ च्या अवकाश धोरणाने त्यावर मोहर उठविली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये परकीय भांडवलास दरवाजा उघडला गेला: उपग्रहांच्या कामात ७४ टक्क्यांपर्यंत, अग्निबाणांच्या कामात ४९ टक्क्यांपर्यंत आणि सुट्या भागांच्या निर्मितीत १०० टक्क्यांपर्यंत सरकारच्या वेगळ्या परवानगीवाचून. येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. खासगी कारखाने या कामात आरंभापासून आहेत. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांच्या मोटारींची कवचे घडली आणि विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इंजिने जुळली. तेथील कामगारांच्या हातांचे कसब नसते तर श्रीहरिकोट्याहून काहीही उडाले नसते. परंतु तेव्हा आराखडा, हेतू आणि तपासणी ही तिन्ही सार्वजनिक होती. कारखाना मागणीप्रमाणे वस्तू घडवून देई. नव्या व्यवस्थेत काय घडवावे आणि कोणाला विकावे, हे ठरविण्याचा अधिकारच हलविला जात आहे. साठ वर्षांत लोकांच्या पैशाने उभारलेल्या चाचणीगृहांचा आणि तळांचा लाभ मात्र नव्या मालकांना तयार मिळतो.

यातील जोखमीची वाटणी तर पाहण्यासारखी आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशात सोडलेल्या वस्तूने पृथ्वीवर कोणाचे नुकसान केले, तर भरपाई करण्याची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राची असते, मग ती वस्तू कोणा कंपनीची का असेना. म्हणजे नफा भागधारकांचा आणि अपघाताचे देणे भारतीय जनतेचे. इतर अनेक देशांनी यासाठी विम्याची व भरपाईच्या मर्यादेची तरतूद कायद्याने केली आहे. भारतात अशा विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. २०२३ चे धोरण आले तेव्हा कायदा मागेच राहिलेला होता. बाजार आधी आणि कायदा मागून, हा क्रम दिल्लीत नवा नाही.

सार्वजनिक क्षेत्र अकार्यक्षम असल्यामुळे हे सारे करावे लागते, असे सांगितले जाते. जून २०२५ मध्ये छोट्या अग्निबाणाचे तंत्र घेण्यासाठी झालेल्या स्पर्धेत खासगी भांडवलाचा सहभाग असलेले गटही उतरले होते. ५११ कोटींची बोली लावून ती जिंकली हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सार्वजनिक कंपनीने. दुसरीकडे रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनचे उदाहरण आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेला आणि सोव्हिएत व चेकोस्लोव्हाक मदतीने उभा राहिलेला हा कारखाना देशाच्या उद्योगांची जननी म्हणून ओळखला जाई. श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या तळाची अवजड सामग्री तेथे घडली. सप्टेंबर २०२३ मध्ये, चांद्रयान-३ च्या यशानंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा त्याच कारखान्याचे कर्मचारी वर्षाहून अधिक काळच्या थकलेल्या पगारासाठी दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसले. चांद्रयान-३ साठी या कारखान्याकडून कोणताही भाग घेतलेला नाही, त्याने २००३ ते २०१० या काळात काही सामग्री पुरविली होती, असा सरकारी खुलासा आला. खुलासा अक्षरशः खरा मानला तरी त्याने पगाराच्या प्रश्नाला स्पर्शही केला नाही. तळ तोच, त्यावरून उडणारा अग्निबाण नवा. तळ घडविणाऱ्याची चूल पेटते की नाही, याची दखल घेणारे खाते मात्र कोणते, हे त्या कर्मचाऱ्यांना दिल्लीत कोणी सांगितले नाही.

यापेक्षाही गंभीर बाब अपघातांच्या तपासाची आहे. पीएसएलव्ही हा भारताचा सर्वांत भरवशाचा अग्निबाण. १८ मे २०२५ रोजी त्याचे त्रेसष्टावे उड्डाण तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे फसले आणि पृथ्वीनिरीक्षणाचा उपग्रह नष्ट झाला. १२ जानेवारी २०२६ रोजी त्यानंतरचे उड्डाण झाले आणि तेही तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीसच भरकटले. मुख्य उपग्रहाबरोबर छोट्या संस्थांचे उपग्रहही गेले. या दोन उड्डाणांच्या मधल्या आठ महिन्यांत पहिल्या अपघाताचा चौकशी अहवाल जनतेपुढे ठेवला गेला नव्हता. अग्निबाण पडणे ही लाजेची गोष्ट नव्हे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळला आणि वर्षभरात, १८ जुलै १९८० रोजी, त्याच मंडळींनी रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. ऑगस्ट २०२१ मधील जीएसएलव्हीच्या आणि ऑगस्ट २०२२ मधील छोट्या अग्निबाणाच्या अपयशाची कारणे खुद्द संस्थेनेच सविस्तर प्रसिद्ध केली होती. ही चांगली परंपरा होती. ती का मोडली, याचे उत्तर मिळाले पाहिजे.

हे उत्तर मागण्यामागे कुतूहल नाही. गगनयान माणसे घेऊन जाणार आहे. निवडलेल्या चार वैमानिकांची मूळ तयारी मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात झाली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर सात जणांसह नष्ट झाले. थंडीत रबरी कडी निकामी होईल असा इशारा मोटारी बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री दिला होता आणि व्यवस्थापनाने तो डावलला होता. ही गोष्ट जगाला कळली ती चौकशी उघडपणे झाली म्हणून. उलट २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकानूर येथे क्षेपणास्त्राच्या स्फोटात अनेक अभियंते व सैनिक दगावले; वर्धापनदिनापूर्वी उड्डाण व्हावे अशी घाई तेथे होती, आणि ती दुर्घटना सोव्हिएत युनियनमध्ये तीन दशके झाकून ठेवण्यात आली. ज्यांना सोव्हिएत अवकाशविजयांचा अभिमान वाटतो त्यांनी हे पानही वाचलेच पाहिजे. तारखेची घाई आणि दाबून ठेवलेला अहवाल यांचा परिणाम कोणत्याही राजवटीत सारखाच होतो.

युद्धखोरीचा धागाही या मोहिमांतून जात आहे. मार्च २०१९ मध्ये भारताने स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून दाखविला. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेहळणीच्या ५२ उपग्रहांची योजना मंजूर झाली आणि त्यांतील ३१ खासगी कंपन्यांनी बनवायचे ठरले. १९६७ च्या अवकाश कराराने कक्षेत अण्वस्त्रे व सामूहिक संहाराची इतर शस्त्रे ठेवण्यास बंदी केली. कक्षेतील पारंपरिक शस्त्रांबाबत तो मौन पाळतो. त्या मौनाचा फायदा घेण्याची शर्यत मोठ्या राष्ट्रांनी सुरू केली आहे, आणि अलिप्ततेच्या काळात अवकाश शांततेसाठी राखावे असे सांगणारा देश तीत उतरतो आहे, ही खेदाची गोष्ट होय.

राहता राहिला प्रश्न वरून येणाऱ्या माहितीचा, आणि त्यासाठी राजधानीबाहेर जाण्याचीही गरज नाही. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीचे आकाश काळवंडते, तेव्हा पुसा येथील कृषी संशोधन संस्था उपग्रहांच्या आधारे पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील भाताचा पेंढा जाळण्याच्या घटनांची रोजची मोजणी प्रसिद्ध करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने या जाळण्याचा दंड दुप्पट केला: दोन एकरांच्या आत पाच हजार, पाच एकरांपर्यंत दहा हजार, त्यापुढे तीस हजार. वास्तविक भूजल वाचावे म्हणून पंजाबात २००९ च्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली गेली. त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये शेतकऱ्याच्या हाती दोन-तीन आठवडेच उरतात. पेंढा उपटणारे यंत्र भाड्याने मिळाले नाही, तर काडीच उरते. मोजणी करणारे मुख्य उपग्रह दुपारी वरून जातात. त्यानंतर सायंकाळी लागलेली आग त्यांना दिसत नाही, असे २०२४ मध्ये उघडपणे बोलले जाऊ लागले. आकडा कमी झाला की धूर कमी झाला, असे नव्हे. उपग्रहाला शेतातली आग दिसते. यंत्राचे भाडे, सावकाराचा तगादा आणि दिल्लीतील मोटारींची संख्या त्या नोंदवहीत येत नाही.

याहून बोलके उदाहरण कापसहेड्याचे आहे. दिल्ली आणि गुरुग्राम यांच्या सीमेवरच्या या वस्तीत उद्योग विहारातील कपड्यांच्या कारखान्यांत राबणारे परप्रांतीय कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने भाड्याने राहतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील आणि परदेशांतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपीय रडार उपग्रहाच्या नोंदींवरून दाखविले की, भूजलाच्या बेसुमार उपशामुळे राजधानीतील सुमारे शंभर चौरस किलोमीटर जमीन खचण्याच्या मोठ्या धोक्यात आहे. कापसहेड्यात २०१४ ते २०१६ या काळात जमीन वर्षाला सुमारे ११ सेंटिमीटर खचत होती आणि नंतरच्या दोन वर्षांत हा वेग १७ सेंटिमीटरपर्यंत गेला. इंदिरा गांधी विमानतळाची हद्द तेथून अवघ्या ८०० मीटरवर आहे. त्यामुळे वर्तमानपत्रांतील मथळे विमानतळाच्या काळजीचे होते. खचणाऱ्या जमिनीवरच्या चाळींत झोपणाऱ्यांचा उल्लेख बातम्यांत ओझरताच होता.

याच अभ्यासात द्वारकेचीही नोंद आहे. तेथे सुरुवातीला जमीन वर्षाला साडेतीन सेंटिमीटर खचत होती. पुढे उपशावर निर्बंध आले, पावसाचे पाणी जिरविण्याची सक्ती झाली, जुनी तळी पुन्हा भरली, तेव्हा वेग मंदावला आणि २०१८-१९ मध्ये जमीन चक्क वर येऊ लागली. द्वारकेत नियोजित इमारती आहेत, नळाचे पाणी आहे आणि तक्रार लिहून देऊ शकणारे रहिवासी संघ आहेत.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त रडार उपग्रह दर बारा दिवसांनी पृथ्वीवरील जवळजवळ सर्व भूभाग दोनदा तपासण्यासाठी बनविला आहे. ढग असोत वा रात्र, जमीन काही सेंटिमीटर हलली तरी ती त्यास कळावी, आणि त्याच्या नोंदी सर्वांस विनामूल्य मिळाव्यात, असे ठरले आहे. माळीण आणि इर्शाळवाडी यांसारख्या डोंगरउतारांनाही याचा उपयोग आहे. मात्र कापसहेड्यात नव्या विंधनविहिरी थांबविण्याआधी तेथे नळ पोहोचवावा लागेल, आणि ते काम अवकाश खात्याचे नाही. ते दिल्लीच्या जलमंडळाचे, दिल्ली सरकारचे आणि उद्योग विहारातील कारखान्यांना पाणी व परवाने देणाऱ्या हरियाणा सरकारचे आहे. निसारच्या बारा-बारा दिवसांच्या नोंदी घेऊन या तिन्ही कार्यालयांच्या दारात जाण्याचे काम कापसहेड्यातील भाडेकरूंच्या आणि कारखान्यांतील कामगारांच्या संघटनांना करता येण्यासारखे आहे. त्या नोंदी मिळविण्यास कोणाची परवानगी लागत नाही.